तो गेला, आता आमच्यासाठी संस्था काय करणार?

ताई, तुमचा प्रश्न तीनदा वाचला. आधी तो थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे माझं काही समजायचं राहिलं असेल तर तुमच्या लक्षात येईल. तुमचा चोवीस वर्षांचा धाकटा भाऊ पुण्यात राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होता. चार महिन्यांपूर्वी त्यानं आत्महत्या केली. गावाकडे सगळ्यांना ‘अटॅक आला’ असं सांगितलंय. आई रात्रभर जागी असते, वडील कुणाशी बोलत नाहीत, यजमान म्हणतात, ‘किती दिवस तेच धरून बसणार?’ आणि सहा वर्षांचा मुलगा विचारतो, मामा कधी येणार. आत्महत्या रोखण्याचं आणि मागे राहिलेल्यांना आधार द्यायचं काम मोफत करणाऱ्या संस्था असतात, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं. तुम्ही विचारलंय की जो जायचा तो गेला, आता त्या आमच्यासाठी काय करणार? नाव पोलिसांपर्यंत जातं का? फुकट आहे म्हणजे कसं असेल? आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ आहे: ‘कधीकधी वाटतं आपणही त्याच्याकडे जावं.’

त्या ओळीपासून सुरुवात करते.

तुम्ही समोर असता तर मी आडवळण न घेता विचारलं असतं, जीव द्यावा असं मनात येतं का? कसं, कधी, इथपर्यंत विचार गेलाय का? असं थेट विचारलं की नसलेलं मनात भरवलं जातं, ही भीती खूप जणांना असते. माझा अनुभव उलटा आहे. विचारल्यावर समोरचा माणूस सुटकेचा श्वास टाकतो, कारण ते एकट्यानं वाहणं फार जड असतं. ज्यांचं माणूस असं गेलं त्यांच्यापैकी पुष्कळांना ‘त्याच्याजवळ जावं’ असं वाटतं. त्यात बरेचदा मरायची इच्छा कमी आणि त्याला एकदा भेटायची, विचारायची ओढ जास्त असते. पण ही ओढ कुठे संपते आणि धोका कुठे सुरू होतो, हे घरात बसून एकटीनं ठरवू नका. विचार ‘कसं’ आणि ‘कधी’पर्यंत पोचला असेल, तर हे उत्तर इथेच थांबवा आणि १४४१६ ला फोन करा. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे, २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र आणि मोफत, मराठीत बोलता येतं. जीव धोक्यात असेल तर ११२. यजमानांना किंवा मैत्रिणीला स्पष्ट शब्दांत सांगा, ‘मला आज एकटीला ठेवू नका.’ ज्या वस्तूंकडे सारखं लक्ष जातं त्या दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात द्या. आणि तसं काही नसेल, नुसती ओढ असेल, तरीसुद्धा या आठवड्यात एकदा फोन कराच. आत्महत्येनं माणूस गमावलेल्यांना स्वतःला धोका वाढलेला असतो, हे जगभरच्या अभ्यासांत दिसलंय. म्हणूनच रोखण्याचं काम आणि मागे राहिलेल्यांचं काम एकाच संस्थेत चालतं.

मी कोण, तेही सांगते. पुण्यातल्या अशाच एका संस्थेत सतरा वर्षं स्वयंसेवक आहे. पहिली नऊ वर्षं फोनवर होते, नंतर आधारगट, म्हणजे असंच माणूस गमावलेल्यांच्या बैठका, पाहायला लागले. मी डॉक्टर नाही. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही, म्हणजे हे उत्तर जाहिरात वाटणार नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. वरवर तुम्ही संस्थेची चौकशी केलीय, पण मला त्यात दुसरं काही दिसतं. आपल्याकडे घरात कुणी गेलं की तेरा दिवस माणसं येत राहतात. शेजारी पिठलं-भाकरी आणतात. प्रत्येकजण विचारतो, ‘कसं झालं हो?’ आणि घरातलं कुणीतरी सांगतं: सकाळी चहा घेतला, मग म्हणाले छातीत कसंतरी होतंय, रिक्षा मिळेना, दवाखान्यात पोचेपर्यंत... तेच पुन्हा पुन्हा, वीस वेळा, पन्नास वेळा. पाहणाऱ्याला वाटतं, का बिचाऱ्यांना बोलायला लावताय? पण त्या सांगण्यातच त्या प्रसंगाची धार थोडी थोडी बोथट होत जाते. आपल्या जुन्या माणसांनी ही रीत उगीच नाही ठेवली.

तुमच्या घरीही माणसं आली. त्यांनी विचारलं, तुम्ही सांगितलं. फक्त सांगितलं ते न झालेल्या मरणाबद्दल. जे झालं ते चार महिन्यांत एकदाही, कुणालाही, पूर्ण सांगितलं गेलेलं नाही. आईची जाग आणि वडिलांचा अबोला यामागे हे मोठं कारण असावं असं मला वाटतं. संस्था काय करते, याचं माझं उत्तर एवढंच आहे: जे झालं ते खऱ्या शब्दांत सांगायला जागा देते. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

फुकट आणि दर्जा, याबद्दल. १९३५ साली इंग्लंडमध्ये चॅड व्हाराह नावाच्या तरुण पाद्र्याला एका किशोरवयीन मुलीचा अंत्यविधी करावा लागला. पाळी सुरू झाली तेव्हा तिला तो गुप्तरोग वाटला होता, विचारायला कुणी नव्हतं, आणि तिनं जीव दिला. ती मुलगी त्याच्या मनातून गेली नाही. नोव्हेंबर १९५३ मध्ये त्यानं लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमध्ये एक फोन सुरू केला, जीव द्यावासा वाटणाऱ्या कुणीही करावा असा. लोक प्रत्यक्षही यायला लागले. वाट पाहणाऱ्यांना चहा द्यायला त्यानं काही साधी माणसं बसवली होती. थोड्याच दिवसांत लक्षात आलं की चहा घेता घेता त्या साध्या माणसांशी बोलूनच कित्येक जण हलके होऊन परत जातात, पाद्र्याला भेटायची गरजच उरत नाही. मग फेब्रुवारी १९५४ मध्ये त्यानं हे काम स्वयंसेवकांच्या हाती सोपवलं. तीच ‘समॅरिटन्स’ ही संस्था. आपल्याकडे चेन्नईत १९८६ मध्ये ‘स्नेहा’ सुरू झाली, पुण्यात २००५ पासून ‘कनेक्टिंग’ काम करते.

तेव्हा या कामात पैसे न घेणं हा दर्जातला कमीपणा नाही. पैसे न घेतल्यानं एक गोष्ट घडते: समोरच्याला ‘तासाचे पैसे दिलेत, आता बरं वाटलं पाहिजे’ असं ओझं राहत नाही. आमच्याकडे नवीन स्वयंसेवकाला लगेच फोनवर बसवत नाहीत. काही आठवडे प्रशिक्षण, मग अनुभवी माणसाशेजारी बसून ऐकणं, आणि जड फोन झाल्यावर स्वतःचं मन मोकळं करायला कुणीतरी हजर. सगळ्यात अवघड काय शिकवावं लागतं, सांगू? सल्ला न देणं. आपल्या माणसांना सल्ला दिल्याशिवाय राहवत नाही, आणि शोकात सल्ल्याइतकं एकटं पाडणारं दुसरं काही नसतं. संस्था निवडताना तुम्हीही विचारा: प्रशिक्षण कोण देतं, स्वयंसेवकांवर देखरेख कुणाची असते, डॉक्टरची गरज पडली तर कुठे पाठवता. सरळ उत्तर मिळालं नाही तर दुसरी संस्था पाहा.

पोलिसांचं. घरात असा मृत्यू झाला की ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद होते, पंचनामा, शवविच्छेदन, जबाब, हे तुम्ही भोगलंच आहे. त्या चौकशीशी आमच्यासारख्या संस्थेचा काही संबंध नसतो. फोनवर नाव सांगावं लागत नाही. तुम्ही स्वतःबद्दल जे लिहिलंय त्यानं कुणी तुमच्यामागे पोलीस लावत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यात कलम ११५ आहे. जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं कायदा धरून चालतो आणि त्याला शिक्षा न करता उपचार द्यायची जबाबदारी सरकारवर टाकतो. जुन्या दंडसंहितेतलं, जीव द्यायचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं ३०९ कलमही १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत राहिलेलं नाही. गुप्ततेला मर्यादा मात्र असते, आणि ती प्रामाणिक संस्था आधीच सांगते: कुणाचा जीव या क्षणी धोक्यात असेल, किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं, तर गप्प बसता येत नाही. दुसऱ्या बाबतीत तर पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारकच आहे.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. ‘अटॅक’ सांगण्यामागे काही घरांत विम्याची भीती असते. जीवनविम्यात आत्महत्येची अट साधारणपणे पॉलिसीच्या पहिल्या बारा महिन्यांपुरती असते, त्यानंतर केवळ त्या कारणावरून दावा नाकारला जात नाही. भावाची पॉलिसी असेल तर अर्जात खरं कारण लिहा. पोलिसांचे कागद तसेही जोडावेच लागतात.

आता आधारगट. आमचा गट महिन्यातून दोनदा बसतो, सात-आठ माणसं, दीड तास, मध्ये चहा. प्रत्येकाचं कुणीतरी असंच गेलेलं. नियम थोडे आहेत. कसं केलं याचा तपशील गटात सांगायचा नाही, तो कुणाच्या तरी डोक्यात घर करून बसतो. ज्यांना तो सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांच्याबरोबर आम्ही वेगळं बसतो. कुणाच्या दुःखाशी आपलं दुःख तोलायचं नाही. नुसतं बसून गेलात तरी चालतं. एक गृहस्थ पाच बैठका एक शब्द बोलले नाहीत, सहाव्या बैठकीत मुलाचं नाव घेतलं आणि एवढंच म्हणाले, ‘त्याला कार्ल्याची भाजी आवडायची. कुणालाच नाही आवडत हो, त्याला आवडायची.’ त्या दिवशी कितीतरी वेळ कुणी काही बोललं नाही, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा वडील दिसले. तोवर नुसते आरोपी दिसत होते.

कारण ही माणसं आमच्याकडे येतात ती आरोपी म्हणूनच. ‘मला कळायला हवं होतं.’ ‘मी त्या दिवशी फोन उचलला नाही.’ तुम्हीही लिहिलंय की आदल्या रविवारी तो ‘बरंय’ म्हणाला आणि तुम्ही पुढे विचारलं नाहीत. इथे मी पहिल्या वर्षी केलेली चूक सांगते. एका वडिलांचा फोन होता. पाचव्या मिनिटाला मी म्हणाले, ‘काका, तुमची काही चूक नव्हती.’ चांगल्या मनानं म्हणाले. ते गप्प झाले, ‘बरं’ म्हणाले आणि फोन ठेवला. पुन्हा आला नाही. तेव्हा मला कळलं नाही, आज कळतं. त्यांना त्यांची चूक आधी पूर्ण मांडायची होती. मी खटला उभा राहायच्या आधीच निकाल देऊन मोकळी झाले. म्हणून मी तुम्हाला आज ‘तुमची चूक नव्हती’ असं लिहिणार नाही, जरी मला तसंच वाटत असलं तरी. त्या रविवारचा फोन तुम्ही कुणाला तरी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सांगा. सांगताना तुमच्याच लक्षात येईल की त्या दिवशी तुम्हाला जेवढं माहीत होतं तेवढ्यावर तुम्ही वागलात. आज जे माहीत आहे ते तेव्हा माहीत नव्हतं. हे दुसऱ्यानं सांगून पटत नाही, स्वतःच्या तोंडून ऐकावं लागतं.

‘का केलं?’ याचं एकच उत्तर शोधत असाल, तर त्याबद्दलही थोडं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातले १,७०,९२४ आत्महत्यांचे मृत्यू आहेत, त्यातले २२,७४६ महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. तिथे प्रत्येक मृत्यू कुठल्या तरी एका रकान्यात बसवावाच लागतो: कौटुंबिक समस्या, आजारपण, परीक्षेतलं अपयश. बातमीतही तेच येतं. माणसाच्या आयुष्यात असे रकाने नसतात. पूर्वपरीक्षेचा निकाल, खोलीचं भाडं, घरी पैसे मागायची लाज, न झोपलेल्या रात्री, कदाचित कुणालाच न दिसलेलं नैराश्य, हे सगळं एकात एक गुंतलेलं असतं. ज्या मुलांचा तोच निकाल लागला त्यातली बहुतेक जगली. म्हणून ‘निकालामुळे गेला’ असं म्हणून थांबू नका, आणि ‘मी विचारलं नाही म्हणून गेला’ असं तर मुळीच नको.

त्याच आकड्याची दुसरी बाजू. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एका आत्महत्येची झळ ओळखीच्या सुमारे १३५ माणसांपर्यंत पोचते असं निघालं. आपल्याकडे ते प्रमाण निम्मं धरा. तरी एकट्या महाराष्ट्रात एका वर्षात पंधरा लाखांच्या आसपास माणसं होतात. तुमच्या गल्लीत, तुमच्या ऑफिसात कुणीतरी असंच ‘अटॅक’ सांगून बसलेलं असेल.

धार्मिक विधींचं तुम्ही विचारलं नाहीत, पण आई जागी असते त्यात याचा भाग असेलच, म्हणून बोलते. दहाव्याला कावळा. माझ्या अनुभवात या घरांना त्या एका सकाळनं जेवढं घायाळ केलंय तेवढं पोलिसांच्या जबाबानंही नाही. घाटावर पिंड ठेवलेला, वीस माणसं वर बघत उभी, कावळा येतो, बसतो, शिवत नाही. मग कुजबुज सुरू होते: इच्छा राहिली असणार. कुणीतरी बहिणीला पुढे ढकलतं, ‘सांग, आईबाबांना मी सांभाळीन.’ कुणी म्हणतं, ‘माफी माग.’ नैसर्गिक मृत्यूत हे सगळे निभावून नेतात. इथे प्रत्येकाला वाटतं, कावळ्यानं आपल्यावर आरोप ठेवला. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं जातं आणि आई ते आयुष्यभर घेऊन बसते. तुमच्याकडे काय झालं मला माहीत नाही. झालं असेल तर आईशी त्या सकाळबद्दल बोला. ओंकारेश्वराच्या घाटावर किंवा कुठल्याही घाटावर जाऊन पाहिलं तर रोज दिसेल, गर्दी आणि गोंगाट असला की कावळा येत नाही, पोट भरलेलं असलं की शिवत नाही. हे तिला एकदा हळूच सांगायला हरकत नाही, पण वाद म्हणून नको.

‘त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करा’ असंही कुणी ना कुणी म्हणालं असेल. माझं मत सरळ आहे. ज्या विधीनं आईला ‘मी त्याच्यासाठी काहीतरी केलं’ असं वाटेल तो करावा, झेपेल तेवढ्या खर्चात. पण तुमच्या दोषामुळे तो अडकलाय, असं सांगून जो विधी करायला लावतो त्याच्यापासून लांब राहा. आमच्यासारख्या संस्था कुठल्याच धर्माचा आग्रह धरत नाहीत आणि कुणाची श्रद्धा काढूनही घेत नाहीत.

त्याचा फोन पोलिसांकडे जमा आहे, लवकरच परत मिळेल, असं तुम्ही लिहिलंय. मिळाला की रात्री एकटीनं उघडू नका. दिवसा, कुणाबरोबर तरी, आधी ठरवून उघडा: आज फक्त फोटो. काही घरांनी तो वर्षभर तसाच ठेवला, त्यातही चूक नाही. चिठ्ठी असेल तर तिच्याबद्दल एवढंच म्हणेन. ती त्यानं आयुष्यातल्या सगळ्यात वाईट तासात लिहिलेली आहे. त्या तासाला चोवीस वर्षांच्या नात्याबद्दलचा शेवटचा शब्द मानू नका.

मुलाला खरं सांगा. सहा वर्षांच्या मुलाला तपशील नको असतो, पण ‘मामा देवाकडे फिरायला गेला’ म्हटलं की तो वाट पाहत बसतो, आणि पुढे शाळेत कुणाकडून तरी ऐकतो तेव्हा त्याचा तुमच्यावरचा विश्वास जातो. ‘मामा मेला, तो परत येणार नाही. त्याच्या मनाला खूप त्रास होत होता, आणि त्या त्रासात त्यानं स्वतःचा जीव घेतला. तो तुझ्यामुळे गेला नाही, कुणाच्या रागावण्यामुळे गेला नाही. आणि तुला कधी खूप वाईट वाटलं तर आम्हाला सांगायचं, आपण मिळून मार्ग काढू.’ एवढं पुरे. पुन्हा विचारेल, पुन्हा तेच सांगा.

सगळ्यांना खरं सांगितलंच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. गावात उद्या काय बोलतील, धाकट्या चुलत बहिणीचं लग्न ठरेल का, या भीती पोकळ नाहीत, आणि त्या माझ्या दारात नसून तुमच्या दारात आहेत. कुणाला सांगायचं ते तुम्ही ठरवा. पण घराच्या चार भिंतींत तरी ‘अटॅक’ हा शब्द बंद करा. आईसमोर, वडिलांसमोर त्याचं नाव घ्या. ‘जिवाचं बरंवाईट केलं’ म्हणा, ‘आत्महत्येनं गेला’ म्हणा, जो शब्द तोंडात येईल तो, पण खोटा नको. वडील उठून जातील कदाचित. जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा नाव घ्या.

यजमानांचं ‘किती दिवस’ हे मला कठोर वाटत नाही, घाबरलेलं वाटतं. बायको हातातून निसटतेय असं त्यांना दिसतंय आणि काय करावं ते कळत नाही. त्यांना एक नेमकं काम द्या: महिन्यातून दोन संध्याकाळी मुलाला सांभाळा, मी गटाला जाऊन येते.

आता कशा-कशावर काय अवलंबून आहे ते. पहिल्या काही महिन्यांत गट सगळ्यांना झेपत नाही, दुसऱ्यांची दुःखं ऐकून काही जण आणखी खचतात. अशांनी आधी फोनवर किंवा एकेकट्यानं बोलावं. ज्यानं तो प्रसंग डोळ्यांनी पाहिला आणि ज्याला तेच दृश्य पुन्हा पुन्हा दिसतं, त्याला नुसतं ऐकून घेणं पुरत नाही, मानसोपचारतज्ज्ञ लागतो. आईबद्दल मला विशेष काळजी वाटते. चार महिने झोप नाही, त्यात खाणं कमी झालं असेल, वजन उतरत असेल, ‘मी कशाला राहिले’ असं म्हणत असेल, तर तिला डॉक्टरकडे न्यायचंच. तालुक्याच्या डॉक्टरपासून सुरुवात केली तरी चालेल. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तज्ज्ञ भेटतात, तिथे मोठा खर्च नसतो. ती यायला तयार नसेल तर मनाचं नाव काढू नका, ‘झोपेचं औषध विचारून येऊ’ म्हणा. औषधं मात्र तिच्या हाती न ठेवता तुम्ही किंवा वडिलांनी ठेवा. आणि गावाजवळ अशी संस्था नसेल, बहुतेक नसेलच, तर फोन हाच मार्ग. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही सेवाही फोनवर आणि ईमेलवर मोफत समुपदेशन देते. वेळा आधी पाहून घ्या.

मग तुम्ही नेमकं काय करायचं? या आठवड्यात एक फोन, स्वतःसाठी. आईची डॉक्टरभेट पुढच्या पंधरा दिवसांत. गटाचं नंतर, जमेल तेव्हा, आणि पहिली बैठक नकोशी वाटली तरी दुसरीला एकदा येऊन पाहा. घरात त्याचं नाव घेणं मात्र आजपासून.

आणखी एक, कारण दिवाळी तोंडावर आहे. ‘यंदा आमच्याकडे सण नाही’ म्हणून फराळ टळेल, कंदील टळेल. भाऊबीज टळणार नाही. त्या दिवशी संध्याकाळी काय करायचं हे आत्ताच ठरवा, कारण न ठरवलेली संध्याकाळ फार लांब असते. आमच्या गटातल्या एका बहिणीनं पहिल्या वर्षी दार लावून दिवस काढला आणि रात्री दीड वाजता आम्हाला फोन केला. दुसऱ्या वर्षी तिनं आईला सोबत घेतलं. ज्यांना भाऊ नाही त्या बायका आपल्याकडे चंद्राला ओवाळतात, तसं गच्चीवर निरांजन घेऊन गेली. द्वितीयेची कोर बारीक असते, लवकर मावळते, तेव्हा अंधार पडायच्या आतच जावं लागतं. तिनं ओवाळलं, आईनं ताट धरलं, आणि दोघींनी त्याला लहानपणी ओवाळणीत चिल्लर टाकायची सवय होती ते आठवलं. मग खाली येऊन दोघी जेवल्या. तुम्हाला हे जमेल की नाही मला सांगता येत नाही. नाही जमलं तर त्या संध्याकाळी सहा वाजता फोन करा, दीडपर्यंत थांबू नका.